आनंद आणायचा कुठून?

मैत्रिणींनो, या सदराकडे येणाऱ्या पत्रांपैकी बहुतेकांना उत्तर देणं सोपं असतं. लोणच्याला बुरशी का आली, लोकरीचे कपडे कसे ठेवावेत, मुलाची दहावी आणि घरातलं लग्न एकाच वर्षी आलं तर काय करावं, असं काहीबाही. चार अनुभवी बायकांना विचारावं आणि लिहून टाकावं. पण गेल्या पंधरवड्यात एका ख्रिस्ती भगिनीचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेवताच येईना.

त्या लिहितात, "यजमानांची नोकरी जाऊन आठ महिने झाले. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. मी शिवण घेते, त्यावर कसंबसं चालतं. दर रविवारी देवळात जाते. पाळकसाहेब सांगतात, सर्वदा आनंद करा. घरी येताना मला वाटतं, तेलाची बाटली रिकामी आहे, औषधवाल्याची उधारी आहे, मग हा आनंद आणायचा कुठून? माझी श्रद्धाच कमी आहे का?"

या सदराच्या पुष्कळ वाचक ख्रिस्ती नाहीत. तरी हा प्रश्न काही एकट्या त्यांचा नाही. पोथी वाचणारी असो, नमाज पढणारी असो, देवापुढे बसल्यावर हा प्रश्न कधी ना कधी प्रत्येकीच्या मनात येतो. म्हणून आज पाककृती आणि शिवण बाजूला ठेवून याबद्दलच बोलू या.

आधी एक गैरसमज दूर करू या. आनंद म्हणजे हसरा चेहरा नव्हे. घरात काहीही झालं तरी बाईने हसतमुख असावं, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. तो शिष्टाचार झाला. आणि आनंद म्हणजे मुकाट्याने सोसणंही नव्हे. "देवाची इच्छा, सहन कर," असं म्हणून बायकांची तोंडं कितीदा बंद केली गेली आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको.

ज्या पत्रावरून "आनंद करा" हा उपदेश देवळांतून सांगतात, ते पत्र लिहिलं कुणी आणि कुठून, हे बघा. संत पौलाने ते फिलिप्पै नावाच्या शहरातल्या लहानशा मंडळीला लिहिलं. तिथली पहिली श्रद्धावंत एक बाईच होती. लुदिया तिचं नाव, जांभळं कापड विकणारी व्यापारीण. त्याच गावात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं होतं, आणि मध्यरात्री ते दोघे तिथे गाणी गात होते. पुढे हे पत्र लिहितानाही पौल कैदेतच होता. म्हणजे पोट भरलेल्या माणसाने उपाशी माणसाला केलेला तो उपदेश नव्हे.

त्या पत्रात आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या सहसा सांगितल्या जात नाहीत. एक म्हणजे, तो आपलं दुःख लपवत नाही. त्याचा एक सोबती मरणाच्या दारातून परत आला. तो गेला असता तर दुःखावर दुःख झालं असतं, असं तो सरळ कबूल करतो. दुसरी म्हणजे, भरल्या घरात आणि रिकाम्या घरात सारखंच कसं राहावं, हे आपण शिकलो, असं तो म्हणतो. शिकलो! म्हणजे हे त्यालाही जन्मजात येत नव्हतं. पुरणपोळी लाटायला जशी हळूहळू येते, पहिल्या चार फाटतातच, तसंच हे. तेव्हा आनंद वाटत नाही म्हणजे आपली श्रद्धाच खोटी, असं समजण्याचं कारण नाही.

आता आपल्याच मातीतल्या दोन बायकांकडे येऊ.

पहिल्या पंडिता रमाबाई. नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांचं बालपण किती जणींना ठाऊक आहे? जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी पत्नीला आणि मग मुलीला संस्कृत शिकवलं. त्या काळी हा मोठाच अपराध. सारं कुटुंब तीर्थामागून तीर्थ हिंडत होतं. पुराण सांगावं, मिळेल ते खावं. पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि तेही मिळेना. कित्येक दिवस रानातला पाला आणि पाणी एवढ्यावर त्यांनी काढले. त्यातच वडील गेले. मग आई आजारी पडली. तिला बाजरीच्या भाकरीचा तुकडा हवासा वाटला. रमाबाई शेजारणीच्या दारात गेल्या, पण मागायला तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईनेच ओळखून भाकरी दिली. ती घेऊन ही मुलगी घरी आली, तोवर आईची खाण्याची ताकद उरली नव्हती. आईच्या तिरडीला खांदा द्यायलाही पुरेशी माणसं मिळाली नाहीत. रमाबाईंची उंची कमी, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. पाठोपाठ मोठी बहीणही गेली.

उरले रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास. दोघांनी मिळून हजारो मैल पायी तुडवले. पंजाबात थंडीच्या रात्री पांघरूण नाही, म्हणून झेलमच्या काठी वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून ते झोपत. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्यावर तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. आता तरी दिवस पालटले म्हणावं, तर १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी. वय अवघं तेवीस.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे लेकीसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गोष्टीत असतं तसं इथे "आणि त्या सुखी झाल्या" असं लिहायला हवं होतं ना? पण तसं झालं नाही. रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय, की धर्म मिळाला, पण मनाला हवं होतं ते मिळायला पुढे जवळजवळ आठ वर्षं लागली. मताने पटलेला देव मनात उतरायला वेळ लागला. पंडिता म्हणवणाऱ्या बाईला आठ वर्षं! मग आपण आठ महिन्यांत खचून का जावं?

बाहेरचे हालही संपले नाहीत. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईला विधवांसाठी शारदासदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. गोदूबाई नावाची बालविधवा इथेच शिकली. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९३ मध्ये मात्र पुण्यात मोठं वादळ उठलं. शाळेतल्या मुलींना ख्रिस्ती करतात, असा आरोप झाला. मोठमोठ्या सल्लागारांनी राजीनामे दिले. पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. आपल्याच माणसांनी पाठ फिरवणं किती जिव्हारी लागतं, हे त्यातून गेलेल्या बाईलाच कळेल.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं पटापट मरत होती. रमाबाईंना स्वतःचे जुने दिवस आठवले आणि त्या तिकडे गेल्या. अन्नान्न झालेल्या, अनाथ, पोरक्या मुली घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांनी शेतजमीन घेतली होती. तिथे 'मुक्ती' उभी राहिली. त्या वेळी सुमारे ३०० मुली होत्या. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा हा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. तुम्हीआम्ही पाच माणसांच्या दोन वेळच्या पोळ्यांनी मेटाकुटीला येतो. दोन हजार माणसांचा स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा!

मुक्तीत नुसतं जेवण मिळत नव्हतं. शेती होती, वीणकाम, शिवणकाम होतं, छापखाना होता, आणि हे सारं बायका चालवीत. फसवल्या गेलेल्या, समाजाने बाहेर टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन होतं, वृद्धांसाठी प्रीतिसदन, अंध बायकांसाठी बार्तिमीसदन. मनोरमेने ब्रेल लिपी शिकून घेतली आणि ती या अंध बायकांना शिकवली. म्हणजे रमाबाईंच्या श्रद्धेने छळ सोसणाऱ्या बाईला "सोस" म्हणून सांगितलं नाही. तिला दार उघडून आत घेतलं, हाताला काम दिलं, मग शेजारी बसून प्रार्थना केली. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

१९०७ मध्ये रमाबाईंनी आपल्या श्रद्धेची हकीकत इंग्रजीत लिहिली. वर सांगितलेल्या उपाशी दिवसांची आठवण त्यांनी त्याच पुस्तकात लिहिली आहे. पुस्तकाच्या नावाचा अर्थ होतो, 'आमच्या अक्षय ठेव्याची साक्ष'. आई-वडील, बहीण, भाऊ, नवरा गमावलेली, स्वतःच्या नावावर काही न ठेवणारी, ऐकूही कमी येणारी ही बाई ठेव्याची गोष्ट करते! आणि ठेवा 'माझा' म्हणत नाही, 'आमचा' म्हणते. मला वाटतं, आपल्या भगिनीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका शब्दात आहे.

शेवटच्या वर्षांतही त्यांची परीक्षा संपली नाही. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणायचं, म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षं भाषांतर करत राहिल्या. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. रमाबाई काम करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी डोळे मिटले, तोवर भाषांतर पुरं झालं होतं. मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच खिळे जुळवून ते छापलं.

कुणी म्हणेल, रमाबाई काय, डोंगराएवढ्या. आम्ही संसारी बायका, आम्हाला कसं जमायचं? म्हणून दुसरं नाव घेते, लक्ष्मीबाई टिळकांचं. त्या अगदी आपल्यातल्या. शाळा नाही, इंग्रजी नाही. अकराव्या वर्षी लग्न झालं, तेही कवी नारायण वामन टिळकांसारख्या मनस्वी माणसाशी. आज इथे तर उद्या तिथे. हातात पैसा आला की कुणाला तरी देऊन मोकळे. पाहुणे केव्हा येतील आणि किती येतील, याचा नेम नाही. वाचताना आपल्याला हसू येतं, पण त्या घरात रोज चूल पेटवायची तिला होती!

१८९३ मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका परक्या प्रवाशाने टिळकांना 'नवा करार' दिला. त्यातलं डोंगरावरचं प्रवचन त्यांच्या मनात रुतून बसलं. दीनांना, शोक करणाऱ्यांना, धर्मासाठी छळ सोसणाऱ्यांना तिथे धन्य म्हटलं आहे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळलं. लहानग्या दत्तूला घेऊन त्या जवळजवळ पाच वर्षं नवऱ्यापासून दूर राहिल्या. नातेवाइकांच्या आधाराने कधी इथे, कधी पंढरपूरला. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. अशा बाईला लोक काय काय बोलतात, ते आजही बदललेलं नाही.

पुढे त्या परत आल्या, पण नवऱ्याने सांगितलं म्हणून त्यांनी धर्म बदलला नाही. आधी स्वतःच्या मनाशी वाद घातला. सोवळंओवळं देवाने केलं की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. माणसाने केलं, हे पटल्यावर कुणाच्याही हातचं पाणी प्यायला त्या मोकळ्या झाल्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो असा, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. उसनी श्रद्धा फार दिवस पुरत नाही, हे त्यांच्याकडून शिकावं.

पैशाची चणचण काही संपली नाही. उलट घरात दुसऱ्यांची पोरकी मुलं येऊ लागली. १९१९ मध्ये टिळक वारले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य सुरुवातीच्या काही अध्यायांवरच थांबलं होतं. जिने नवऱ्याजवळ बसून अक्षरं गिरवली होती, तिने पुढचे साठांहून अधिक अध्याय स्वतः रचले. आणि 'स्मृतिचित्रे' तर १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचनालयातून आजच आणावं. इतके हाल एका बाईच्या वाट्याला आले आणि पुस्तकात कुठे रडगाणं नाही. नवऱ्याच्या तऱ्हा, स्वतःचा बावळटपणा, उपास, अपमान, सगळं ती हसत सांगते. या हसण्यात दुःख दडवलेलं नाही. दुःखाला घरात जागा आहे, पण घराची मालकी त्याच्याकडे नाही, असं ते हसणं आहे.

या दोघींकडे पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. श्रद्धेने त्यांचं संकट उचलून नेलं नाही. दुष्काळ पडलाच, माणसं गेलीच, लोक बोललेच. पण "मी टाकून दिलेली नाही, मला धरून ठेवणारं कुणीतरी आहे," हा विश्वास मनात बसल्यावर त्या स्वतःला भिकारी समजेनाशा झाल्या. आणि जो स्वतःला भिकारी समजत नाही, तो देऊ लागतो. देणारा हात रिकामा असला तरी श्रीमंतच. आनंद तिथून येतो. आपण वाट बघतो, की आधी आनंद होऊ दे, मग देऊ. पण यांच्या आयुष्यात पुष्कळदा आधी हात पुढे झाला आणि मागून आनंद आला.

द्यायला फार लागतं असंही नाही. येशूने आपल्या शिष्यांना मंदिरातली एक गरीब विधवा दाखवली होती. श्रीमंतांनी ढिगाने टाकलं, तिने दोन लहानशी नाणी टाकली, पण तिचंच दान सर्वांत मोठं, असं त्याने सांगितलं. ही गोष्ट ख्रिस्ती घरात प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ती स्वयंपाकघरात उतरवली मिझोरमच्या बायकांनी. १९१० पासून तिथल्या ख्रिस्ती बायका दर वेळी भात रांधताना घरच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढू लागल्या. हातात रोकडा पैसा नाही, पण मूठभर तांदूळ प्रत्येक घरात असतोच. ते तांदूळ गोळा करून विकायचे आणि त्या पैशातून धर्मकार्याला मदत करायची. डोंगराळ, गरीब मुलुखातला हा रिवाज शंभर वर्षांहून अधिक टिकला. त्याला त्यांच्या भाषेत 'बुहफाय थाम', म्हणजे मूठभर तांदूळ, असंच म्हणतात. रोज ती मूठ काढताना त्या बाईला काय वाटत असेल? "माझ्याकडेही देण्यासारखं आहे." दिवसातून दोनदा ही आठवण होणं हीच मोठी कमाई.

आता आपल्या त्या भगिनीला, आणि तिच्यासारख्या सगळ्यांना, चार व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली. देवाजवळ खोटं बोलू नका. आनंद वाटत नसेल तर तसं सांगा. स्तोत्रसंहिता उघडून पाहा, तिच्यात तक्रारी आणि रडणंही भरपूर आहे. रडून झाल्यावर मनात जी जागा होते, तिथेच पुष्कळदा शांती येऊन बसते.

दुसरी. सकाळी चहाचं आधण ठेवलं की ते उकळेपर्यंतची चार मिनिटं आपली समजा. एक लहानसा भाग वाचा किंवा नुसतं गप्प बसा. मोठ्या उपासनेला वेळ नाही म्हणून लहानशी सोडू नका. आणि काम करताना गुणगुणा. टिळकांनी ख्रिस्ती भजनं आपल्या अभंगांच्या वळणावर लिहिली ती उगीच नव्हे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. शिवणयंत्राच्या तालावर अभंग फार छान बसतो.

तिसरी. एक मूठ काढा. तांदूळ नसेल तर वेळाची. शेजारच्या आजारी बाईच्या दोन पोळ्या लाटा, कुणाच्या मुलीला काजं करायला शिकवा. आपल्यापेक्षा अडलेल्या एका तरी माणसासाठी आठवड्यातून एकदा काहीतरी करा.

चौथी, आणि ही सर्वांत महत्त्वाची. मदत घ्यायला लाजू नका. पौलानेही फिलिप्पैच्या लोकांनी पाठवलेली मदत घेतली आणि मनापासून आभार मानले. औषधाची उधारी असेल तर पाळकसाहेबांना, महिला मंडळाला, भावाला स्पष्ट सांगा. यजमानांना घेऊन बसा आणि खर्चाचा कागद दोघांनी मिळून करा. त्यांनाही मनातून खूप लागलेलं असणार. रात्र-रात्र झोप येत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर प्रार्थना करा आणि डॉक्टरकडेही जा. घरात मारहाण होत असेल तर ती देवाची इच्छा नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. तिथे सहन करणं म्हणजे श्रद्धा नव्हे. तिथून बाहेर पडायला मदत मागा. छळ सोसणाऱ्या बाईला रमाबाईंनीही दार उघडून आत घेतलं होतं.

आणि "माझी श्रद्धा कमी आहे का?" या प्रश्नाचं उत्तर राहिलं. ताई, आठ महिने शिवणयंत्र चालवून घर ओढता, सासूबाईंचं अंथरूण बदलता, रविवारी तरीही देवळात जाता, आणि घरी येऊन हा प्रश्न विचारता. श्रद्धा नसती तर तो विचारलाच नसता. पाळकसाहेबांना पुढच्या रविवारी हेच विचारा. त्यांनाही बोलायला बरं वाटेल.